दुसरं प्यादं

होरिकावांनी प्यादं ठेवायच्या आधी ती उभी ओळ वरपासून खालपर्यंत नीट पाहिली. मी वर्गाची बाई, त्यांच्या बाजूलाच उभी होते, म्हणून मला ते दिसलं. त्या ओळीत त्यांचं स्वतःचं एक प्यादं आधीच उभं होतं. त्याच्यावर त्यांची नजर क्षणभर टेकली, मग समोर बसलेल्या इझुमीच्या तोंडावर गेली, आणि मग त्यांनी इझुमीकडून मारून हातात घेतलेलं दुसरं प्यादं त्याच ओळीत, आपल्या राजाच्या शेजारी, टक्कन वाजवून ठेवलं. "काका, दोन झाली," इझुमी हळूच म्हणाली. एका उभ्या ओळीत स्वतःची दोन प्यादी ठेवली की शोगीत, म्हणजे आमच्या जपानी बुद्धिबळात, डाव तिथल्या तिथं संपतो; ठेवणारा हरतो, उचलून परत घेता येत नाही. होरिकावांनी कपाळावर हात मारला. "घ्या! हातातोंडाशी आलेला डाव घालवला की हो मी. बाईंच्या वडिलांसारखं झालं माझं." सगळे हसले. इझुमीही हसली, बिचारी. दातांच्या दवाखान्यात कामाला आहे, गुरुवारी सुट्टी म्हणून येते, आठ महिन्यांत शिकली, आणि आज पहिल्यांदा वर्गातल्या सगळ्यात जुन्या गड्याला तिनं कोंडीत पकडलं होतं. तीन चालींत मात होती. हातातोंडाशी आलेला डाव म्हणे! कुणाच्या हातातोंडाशी? पण आता ती जिंकली नव्हती, काका चुकले होते. तिचं अभिनंदन कुणी केलं नाही, काकांचं सांत्वन मात्र चौघांनी केलं. कुणीतरी त्यांना चहासुद्धा आणून दिला. आणि तो चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला गेला तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण पंचेचाळीस वर्षांपूर्वी असाच एक पेला मी स्वतःच्या हातानं नेऊन ठेवला होता.

वर्ग कसा संपवला मला आठवत नाही. एरवी शेवटी सगळ्यांना ताठ बसवून एकमेकांना वाकायला लावते, आज तेही राहिलं असणार. पट आणि सोंगट्यांची पेटी कापडात बांधली आणि वर्ग भरतो त्या केंद्राच्या जिन्यावरून खाली उतरले. मी नव्या माणसाला शिकवते तेव्हा आधी सोंगट्या शिकवत नाही. प्यादं एक घर पुढं जातं, भाला सरळ सुटतो, सोनं आणि चांदी राजाभोवती राहतात, हे सगळं दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी हरायचं कसं ते शिकवते. मात व्हायची वाट बघायची नाही. आपलं संपलं हे कळलं की पाठ सरळ करायची, खाल्लेल्या सोंगट्या ठेवायच्या छोट्या पाटावर हात ठेवायचा आणि समोरच्याला ऐकू जाईल असं म्हणायचं, हरलो. त्यानं जिंकलं हे आपल्या तोंडून त्याला मिळायला हवं, ते त्याचं असतं. दुसऱ्या दिवशी मी दोन प्याद्यांचा नियम सांगते आणि तो नीट ध्यानात राहावा म्हणून दर वेळी हसत हसत बाबांची गोष्ट सांगते. माझे वडील, मोठ्या गुरूंकडं दोन वर्षं राहून आलेले, त्यांच्याही हातून एकदा हे झालं, तर तुमचं आमचं काय, ओळ नीट बघत जा. बावीस वर्षं सांगतेय. होरिकावांनी ती गोष्ट माझ्याकडूनच तर ऐकली. मी ती सावध राहण्यासाठी सांगत होते, त्यांनी तिच्यातली पळवाट उचलली. बायकोच्या वयाचीही नाही, मुलीच्या वयाच्या बाईसमोर हरलो म्हणायचं टाळायला एवढी सोपी युक्ती, आणि तीही बाईंनीच शिकवलेली. नियमानं हार ती हारच. पण चुकून हरलेल्या माणसाला तो शब्द उच्चारावा लागत नाही, कपाळावर हात मारला की भागतं. हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळावं? रस्त्यावर उभ्या उभ्या मला माझीच लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग राग आला. तो लाजेपेक्षा बरा होता, म्हणून मी तोच धरून ठेवला.

बाबांचं दुकान तेन्माच्या बाजाराच्या मागल्या गल्लीत होतं. घरात जमिनीवर अंथरायच्या तातामीच्या जाड चटया विणायचे, शिवायचे. उन्हाळ्यात ओल्या लव्हाळ्याचा वास घरभर असायचा, आमच्या भातालासुद्धा यायचा. जाड सुई आत खुपसून दोरा ओढताना ते कोपरानं चटई दाबायचे, त्यामुळे त्यांच्या उजव्या कोपराला घट्टा पडला होता, लहानपणी मी त्यावर बोट टेकवून बघायची. तरुणपणी ते सेन्गोकु गुरुजींकडं शोगी शिकायला राहिले होते. दोन वर्षांनी गुरुजींनी परत पाठवलं. बाबा मात्र सांगायचे, मी परत आलो. मला त्यांनी पाचव्या वर्षी शिकवलं, आणि बाराव्या वर्षी मी हट्ट धरला की मलाही गुरुजींकडं जायचंय. मुलींसाठी व्यावसायिक खेळाडू व्हायचा तो रस्ता नुकताच कुठं उघडत होता. आई म्हणाली, "जाऊ दे की. इथं राहून काय, चटयाच शिवणार." बाबांनी सुई खाली ठेवली नाही. "ज्या दिवशी माझ्या तोंडून हरलो हा शब्द काढशील ना कायो, त्या दिवशी गुरुजींना पत्र लिहीन," ते म्हणाले. झालं. त्या एका वाक्यावर मी दोन वर्षं जगले. दर रविवारी दुपारी डाव. सुरुवातीला हरायची, मग कमी हरायची, मग एक वेळ अशी आली की रविवार संपायचा पण डाव संपायचा नाही. बाबांना नेमकं तेव्हाच गिऱ्हाईक आठवायचं. आंघोळीचं पाणी निवायचं. आई म्हणायची, "अहो, पोरीचा डाव तरी पुरा करा," आणि ते म्हणायचे, "पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी नवा डाव मांडायचे. हे मला तेव्हाही दिसत होतं, अगदीच मूर्ख नव्हते मी. पण गिऱ्हाईक खरंच असायचं आणि पाणी खरंच निवायचं. खऱ्या गोष्टींच्या आडोशाला लपलेल्या माणसाला पकडायचं कसं?

आणि मग तो ऑगस्टमधला रविवार. दुकान बंद, गिऱ्हाईक येणार नव्हतं, आणि आंघोळ मी आधीच सगळ्यांना उरकायला लावली होती. माझा हत्ती त्यांच्या घरात अगदी तळाच्या आडव्या ओळीत उतरला होता, शह होता. त्यांच्या हातात फक्त प्यादी. राजा हलवला असता तर माझी चांदी वाट अडवून उभी होती, चार चालींत मात. मी मोजलं होतं, पुन्हा मोजलं होतं. माझे हात मांडीखाली दाबून धरले होते. बाबा खूप वेळ बघत बसले. घामाचा एक थेंब त्यांच्या हनुवटीवरून पटावर पडला, तो त्यांनी बोटानं पुसला. मला वाटलं आता ते पाठ सरळ करतील. त्यांनी प्यादं उचललं आणि पाचव्या उभ्या ओळीत, शह अडवायला, तळाशी ठेवलं. त्याच ओळीत वर त्यांचं एक प्यादं होतं. "अरेच्चा," ते म्हणाले. "दोन झाली." आणि हसले. पटाशी बसून बाबा हसलेले मी तोवर पाहिले नव्हते. "हा डाव धरायचा नाही हं. तू मला हरवलं नाहीस, मी विसरलो." मी म्हणाले, "पण नियमानं—" ते म्हणाले, "नियमानं तू जिंकलीस. पण शब्द कुठं काढलास माझ्या तोंडून?" आणि मी काय केलं? मी रडले नाही, भांडले नाही. मला वाईट वाटलं ते त्यांचं. एवढा तरबेज माणूस, असं कसं झालं, दमले असतील. मी आत जाऊन सातूचा गार चहा भरलेला पेला आणला आणि त्यांच्यापुढं ठेवून म्हटलं, "होतं बाबा असं कधी कधी." त्यांनी तो सगळा प्यायला. त्यानंतर रविवारी त्यांना काम असायला लागलं. वसंतात मी वाणिज्य शाळेत गेले, तिथून विम्याच्या कचेरीत, तिथं सदतीस वर्षं. लग्न, मुलगा, सासूचं आजारपण, सगळं रीतसर. आयुष्य वाईट गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्या एका दुपारचा हिशोब मी नशिबाच्या नावावर टाकला होता, आणि नशीब बिचारं त्या खोलीत नव्हतंच. नशिबाला मी पंचेचाळीस वर्षं फुकट शिव्या दिल्या.

बाबांना ठेवलंय तो वृद्धाश्रम तीन स्टेशनं पलीकडं आहे. अठ्ठ्याऐंशी वय, उजवा हात अर्धांगवायूनंतर कामातून गेलेला, बाकी सगळं शाबूत. मी पोचले तेव्हा दुपारचं खाणं चाललं होतं, मऊ शिजवलेल्या घेवड्याची गोड वडी आणि गिळताना ठसका लागू नये म्हणून घट्ट केलेला चहा. टीव्हीवर सुमोच्या कुस्त्या लागल्या होत्या. मोरिशिता नावाची तिथली बाई म्हणाली, "आजोबा, बघा कोण आलंय, आज काही रविवार नाही." मी जरा घुश्शातच कापड सोडलं. "बाबा, त्या डावात ते प्यादं तुम्हाला दिसत होतं का?" "आं?" बाबा म्हणाले. "ऑगस्टमधला डाव. पाचवी ओळ. वरचं प्यादं तुम्हाला दिसत होतं?" "ऐकू येत नाही गं हल्ली," ते म्हणाले, आणि त्याच दमात मोरिशिताला म्हणाले, "जरा आवाज कमी कर त्या कुस्तीचा, कान किटले." पडलो तरी नाक वर! मी पेटी पटावर उपडी केली. चाळीस सोंगट्यांचा ढीग पडला. ते पाहून त्यांचं तोंड जरा उजळलं, त्याचाही मला राग आला. "डाव मांडू?" मी विचारलं. हे बरोबर ऐकू आलं. "मांड," ते म्हणाले. "डाव्या हातानं खेळीन. सांभाळून घे."

सांभाळून घ्यायला मी आले नव्हते. मला तो शब्द हवा होता, आजच, इथंच, या जेवणाच्या मेजावर, आणि पळायला या वेळी त्यांना ना गिऱ्हाईक होतं ना आंघोळ. मी पहिल्यापासून अंगावर धावले. माझ्या वर्गातल्या कुणी असं खेळलं असतं तर मी त्याचे कान उपटले असते. शोगीत मारलेली सोंगटी मरत नाही, मारणाऱ्याच्या हाती जाते आणि त्याच्या बाजूनं पुन्हा पटावर उतरते; रंग दोघांचा एकच, फक्त टोक कुणाकडं आहे त्यावरून ती कुणाची ते ठरतं. म्हणून रागानं फेकलेलं प्रत्येक प्यादं तुम्ही समोरच्याला देत असता. मला हे ठाऊक आहे, मी हे फळ्यावर लिहिते. तरी मी उंट दिला, मग घोडा दिला, मग सोनं दिलं, आणि बाबा एकेक घेऊन आपल्या छोट्या पाटावर ओळीनं लावत गेले, डाव्या हातानं, सावकाश, कड कडेला जुळवून. मला त्यांच्या बोटांकडं बघवत नव्हतं. मी मनात भांडत होते. तुम्हाला परत पाठवलं म्हणून मलाही अडवलंत? मी तिथं टिकले असते तर तुमचं काय गेलं असतं? की टिकले असते म्हणूनच? आई जाताना म्हणाली होती, "त्यांच्यावर राग धरू नकोस, एकटे पडतील." कशाचा राग, ते तिनं सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. म्हणजे तिला माहीत होतं! घरात सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून, आणि मी चहा नेऊन देत होते. मी भांडत राहिले आणि पट बघायचा राहिला.

त्यांनी माझाच दिलेला उंट माझ्या घरात उतरवला, मग हत्ती माझ्या तळाच्या ओळीत आणून उलटवला; समोरच्याच्या घरात शिरलेली सोंगटी उलटवली की तिचं बळ वाढतं. शह. मी मान खाली घातली तेव्हा मला दिसलं की संपलंय. राजा डावीकडं गेला तर तीन चाली, उजवीकडं गेला तर पाच. मध्ये अडवायला माझ्या हातात एकच सोंगटी उरली होती, प्यादं. मी ते उचललं. आणि खरं सांगते, मला ओळ दिसत होती. वरचं माझं प्यादं मला स्वच्छ दिसत होतं. तरी माझा हात त्या ओळीवर गेला. तिथं ठेवलं की झालं, अरेच्चा म्हणायचं, कपाळावर हात मारायचा, इतक्या वर्षांनी खेळते, चष्मा बदलायला झालाय, मोरिशिता हसेल, चहा आणेल. काही बोलावं लागणार नाही. या माणसासमोर, आजच्या दिवशी, तो शब्द मी का म्हणायचा? घेण्यासाठी आलेली मी देऊन जाऊ? मी बाबांकडं पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं होतं. खिडकीबाहेर नव्हतं काही, समोरच्या इमारतीच्या वाळत घातलेल्या गाद्या, पण ते तिकडंच बघत होते. मला वाट करून देत होते. त्यांनी माझा हात ओळखला होता, ही पळवाट त्यांचीच. हे मला सगळ्यात जास्त झोंबलं. इतकी वर्षं मला काही दिलं नाही, आणि आता देताहेत तर हे!

मी प्यादं परत पाटावर ठेवलं. पाठ सरळ केली. हात पाटावर ठेवला. "हरले," मी म्हणाले, वर्गात म्हणायला लावते तसं, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. पलीकडच्या मेजावरच्या दोन म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. बाबांनी तोंड इकडं वळवलं, आणि रीतीप्रमाणं वाकले. मीही वाकले. ते खुर्चीला टेकले. मला वाटलं थकले. मग ते म्हणाले, "बघू या?" डाव संपला की दोघांनी मिळून तो उलगडून बघायचा असतो, कुठं चुकलं, कुठून हातचं गेलं. इतकं मोठ्यानं हरल्यावर नाही कशी म्हणणार, बघा म्हटलं. त्यांनी सोंगट्या मागं न्यायला सुरुवात केली, पण थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं की ते आजचा डाव मागं नेत नाहीयेत. आज मी कडेला नेलाच नव्हता तो घोडा त्यांनी कडेला ठेवला. आपला राजा उजव्या कोपऱ्यातून काढून मधे आणला. डाव्या हातानं एकेक सोंगटी, मोरिशितानं चहाचे कप उचलून नेले तरी थांबले नाहीत. माझा हत्ती त्यांच्या तळाच्या ओळीत उतरवला. लव्हाळ्याचा वास आला असं मी म्हणणार नाही, आला नाही. पण माझे हात आपोआप मांडीखाली गेले.

"चांदी चुकलीय," मी म्हणाले. "एक घर डावीकडं होती."

"डावीकडं असती तर मी निसटलो असतो," बाबा म्हणाले. "इथंच होती. आधीच्या चालीत आणलीस तू. मला वाटलं होतं तुला दिसणार नाही." मग म्हणाले, "चांगली चाल होती ती."

मी पटाकडं पाहिलं. त्यांचं बरोबर होतं. मी माझा डाव विसरले होते आणि त्यांनी तो पंचेचाळीस वर्षं घर न् घर जपून ठेवला होता. कशासाठी? रोज बघत होते का? चटया शिवताना? मी विम्याचे कागद लावत होते तेव्हा? माझी दया यायची जुनी खोड उठून बसायला लागली, मी तिला दाबलं. त्यांनी पाटावरचं प्यादं उचललं. पाचव्या ओळीवर हात नेला. तिथं तो थोडा वेळ राहिला, अधांतरी.

"दिसत होतं," ते म्हणाले.

मग त्यांनी प्यादं परत ठेवलं. पाठ सरळ करायचा प्रयत्न केला, अर्धीच झाली. निकामी उजवा हात डाव्या हातानं उचलून पाटावर ठेवला, तोच हात हवा असतो म्हणून, आणि पुटपुटले, "हरलो."

"ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "मी सगळ्यांना मोठ्यानं म्हणायला लावते."

मोरिशिता म्हणाली, "अहो ताई, असू दे ना." मी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. बाबांनी श्वास घेतला. "हरलो," ते म्हणाले, आणि हे इतकं मोठ्यानं की पलीकडच्या मेजावरची एक म्हातारी उगाचच वाकली. मीही वाकले. वर यायला मला जरा वेळ लागला. राग गेला म्हणाल तर गेला नव्हता, अजून गेलेला नाही. ज्या मुलीला हा शब्द द्यायचा होता ती मांडीखाली हात दाबून तिकडं ऑगस्टमध्येच बसून होती, आणि तिच्यापर्यंत तो पोचवायचा कसा, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पिशवीतून वर्गाच्या हजेरीची वही काढली, मागलं कोरं पान फाडलं, पेन काढलं, आणि दोन्ही पटाच्या कडेला ठेवलं.

"पत्र लिहा," मी म्हणाले.

"कुणाला? सेन्गोकु गुरुजी जाऊन तीस वर्षं झाली."

"माहीत आहे. कबूल केलं होतंत. लिहा."

ते नाही म्हणतील, ऐकू आलं नाही म्हणतील, असं वाटलं. त्यांनी पेन डाव्या हातात धरलं. अक्षरं मोठी आणि वाकडी येत होती, पहिलीतल्या पोरासारखी. गुरुजींचं नाव लिहिलं. मग लिहिलं, माझी मुलगी कायोको हिनं आज मला समोरासमोर हरवलं, तिला आपल्याकडं घ्यावं. तिथं ते थांबले आणि पेन उचलून माझ्याकडं बघायला लागले.

"वय काय घालू?" त्यांनी विचारलं.

"चौदा," मी म्हणाले.